काट्यावरचा चंद्र

फळ्यावर मी लिहिते : गृहीतक.
मागच्या बाकावर एलियासेर जांभई देतो.
पलीकडच्या बेटावरून होडीनं येतो तो,
बुटांतून अजून पाणी पाझरतंय.
व्याख्या अर्धीच पुसून टाकते
आणि बटाट्यांचं सांगते.

आमच्या चिलोएत बटाटा लावायचा तो उतरत्या चंद्रावर.
चढत्यावर लावलात तर वर पाला माजतो
आणि खाली गोट्या.
असं माझे आजोबा एलेउतेरियो म्हणत,
त्यांचेही आजोबा म्हणत.
शब्दाला वजन होतं.
फक्त ते कुणी काट्यावर ठेवलं नव्हतं.

मी तेरा वर्षांची, आणि मला आजोबांना हरवायचं होतं.
(हे वहीत लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.)
वहीत लिहिलं ते असं :
चंद्राचा बटाट्याशी काही संबंध नाही.
गृहीतक म्हणजे गृहीत धरणं नव्हे, पोरांनो,
मोडता येईल असं वाक्य मांडायचं
आणि मग ते मोडायला स्वतःच बसायचं.
मी मात्र ते जपत बसले.

आठ ओळी उतरत्या चंद्रावर, आठ चढत्या.
बियाणं एकाच कणगीतलं,
ओहोटीला वेचलेलं शेवाळ पाटीनं मोजून घातलं,
बदलू द्यायचा तो एकटा चंद्र,
बाकी सगळ्याला म्हणायचं : जागचं हलू नकोस.
सातवी ओळ शेजारच्या डुकरानं उकरली.
तीही लिहिली, डुकरासकट.

फेब्रुवारीत काढणी.
चढत्या चंद्राच्या ओळी अकरा किलोंनी पुढे!
संबंध नाही म्हणणारी मी
संबंध निघाला तरी नाचले,
कारण तो आजोबांच्या उलट निघाला होता.
आजोबा काही बोलले नाहीत.
चुलीत लाकूड सारलं आणि म्हणाले,
“वही वाच. पहिल्या पानापासून.”

रात्री वाचली.
तण काढलं, तारीख, ओळ.
तण काढलं, तारीख, ओळ.
चढत्या चंद्राच्या ओळी वाटेकडच्या होत्या.
शाळेतून येताना रोज वाकत होते मी,
दोन काड्या उपटत होते, सहज.
तिकडे नऊदा. पलीकडे चारदा.
चंद्र बिचारा वर होता.
खाली माझेच हात होते,
आणि हातांना ठाऊक होतं कुणाला जिंकवायचं.

दुसऱ्या वर्षी ओळी सरमिसळ केल्या.
कुठली कुठे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं.
खुंट्यांवर नुसते आकडे,
आकड्यांचा अर्थ भावाकडे, सेगुंदोकडे,
चहाच्या डब्यात, आणि डबा माळ्यावर.
तण सगळ्यांचं एकाच दिवशी.
काट्याशी आजोबांना बसवलं :
कुठल्या चंद्राचं वजन करताय
ते त्यांना कळणार नव्हतं.
“आंधळ्याला तराजू दिलास,” म्हणाले,
पण बसले. काटा स्थिर होईपर्यंत श्वास धरून बसले.

फरक निघाला चारशे ग्रॅमचा.
तिसऱ्या वर्षी साडेसहाशे, दुसऱ्या बाजूला.
एवढा फरक तर
एकाच चंद्राच्या दोन ओळींतही होता.

निष्कर्ष मी पेन्सिलनं लिहिला.
आमच्या वावरात, या तीन हंगामांत,
चंद्राचा परिणाम दिसला नाही.
“नाही” असं लिहायला निघाले होते,
“दिसला नाही” असं लिहिलं.
या एका शब्दासाठी तीन वर्षं गेली.

आजोबा पुढेही उतरत्या चंद्रावरच लावत राहिले.
“बिघडत नाही ना काही? तूच मोजलंस की.”
यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

वर्गात पाऊस कौलांच्या लाकडी फळ्यांवर वाजतोय.
एलियासेरची जांभई कधी थांबली, माझ्या लक्षात नाही,
निरीक्षणात मी अजून कच्ची.
तो हात वर न करताच विचारतो,
“बाई, आणि शेवाळ जास्त घातलं तर?”

खडू त्याच्यासमोर धरते.
“जास्त म्हणजे किती?”